सीपीआर चालू असताना ईटीसीओटू कसा वाचायचा

"सर, आठच येतोय. बंद करायचं का?"

सकाळचे सहा वाजायला दोन मिनिटं कमी होती. नेहरू पार्कात फिरायला आलेले रामबागेतले एक काका चालता चालता कोसळले. बरोबरच्या मंडळींनी तिथेच छाती दाबायला सुरुवात केली आणि मग मिळेल त्या गाडीतून त्यांना आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. श्वासनलिकेत नळी टाकून जेमतेम दोन मिनिटं झाली होती. विचारणारा रेसिडेंट हुशार मुलगा होता. सीपीआरच्या वीस मिनिटांनंतरही ईटीसीओटूचा, म्हणजे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा, आकडा दहाच्या वर जात नसेल तर रुग्ण परतण्याची शक्यता फार कमी, हे त्याने वाचलेलं होतं. त्या घाईत 'वीस मिनिटांनंतर' हे शब्द तेवढे गळून पडले होते.

त्या क्षणी मी त्याला एका वाक्यात उत्तर दिलं. सविस्तर उत्तर इथे लिहितोय. आपल्याकडे इंदूरला आयसीयूत आणि कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणारी मराठी मुलंमुली बरीच आहेत. पुस्तकं इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं हिंदीत, पण पहाटे चार वाजता डोकं मातृभाषेतच चालतं, असा माझा अनुभव आहे. तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल आणि त्या दिवशी कोड (हृदय थांबलेल्या रुग्णाला परत आणण्याची सगळी धावपळ) चालवणारे सीनियर यांचा शब्द अर्थात शेवटचा. पण मॉनिटरवरची रेघ वाचायची कशी, हे प्रत्येकाला स्वतःला आलं पाहिजे.

आधी हे समजून घ्या: हा आकडा नक्की काय मोजतो?

उच्छ्वासाच्या अगदी शेवटी बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ईटीसीओटू. निरोगी माणसात तो ३५ ते ४५ एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं एकक) असतो. हा वायू पेशींत तयार होतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. तयार होणं, वाहून आणणं आणि बाहेर टाकणं या तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी आकडा बदलतो.

इंदूरच्या माणसाला हे समजवायला कचरागाडीचं उदाहरण पुरतं. रोज सकाळी गाणं वाजवत गाडी गल्लीत येते, घराघरातला कचरा उचलते आणि पुढे नेऊन रिकामा करते. समजा एक दिवस सगळ्या गाड्या बंद पडल्या. जिथे कचरा उतरवतात तिथल्या वजनकाट्यावर त्या दिवशी शून्य दिसेल. म्हणून शहरात कचराच झाला नाही, असं कोणी म्हणेल का? तो घराघरांत साठतोय. आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या की काट्यावर एकदम रोजच्यापेक्षाही जास्त वजन दिसेल.

हृदय थांबलं की असंच होतं. पेशींत आणि शिरांतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत राहतो, पण फुप्फुसापर्यंत आणणारं रक्तच थांबलेलं असतं, म्हणून ईटीसीओटू शून्याकडे घसरतो. आपण छाती दाबायला लागलो की थोडं रक्त फिरतं आणि आकडा थोडा वर येतो. चांगल्यातल्या चांगल्या सीपीआरनेही नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते तृतीयांशच रक्त फिरतं, त्यामुळे या काळात ३५-४० ची अपेक्षा करायची नाही. हृदय स्वतःहून चालू झालं की साठलेला सगळा वायू एका दमात फुप्फुसात येतो आणि आकडा उसळतो.

थोडक्यात, श्वास देण्याचा वेग कायम ठेवला तर सीपीआरच्या काळात ईटीसीओटू म्हणजे फुप्फुसातून किती रक्त फिरतंय याचा अंदाज. हे नेदरलँड्सच्या कालेंडा यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं: कॅप्नोग्राफच्या (ईटीसीओटू मोजून त्याची रेघ दाखवणाऱ्या यंत्राच्या) रेघेवरून हृदय-मर्दन, म्हणजे छाती दाबणं, नीट होतंय की नाही ते कळतं. पुढची सगळी चर्चा याच निरीक्षणातून वाढली. 'वेग कायम ठेवला तर' ही अट लक्षात ठेवा. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

ड्युटी सुरू होतानाची पाच मिनिटं

कोड सुरू झाल्यावर कॅप्नोग्राफची वायर शोधणारा माणूस मी इतक्या वेळा पाहिलाय, की हे काम मी ड्युटीच्या सुरुवातीलाच करायला सांगतो.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते बघा. मेनस्ट्रीममध्ये सेन्सर थेट नळी आणि अँबू बॅगच्या (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीच्या) मध्ये बसतो. तो जरा जड असतो, म्हणून नळी ओढली जाऊ नये याकडे लक्ष ठेवावं लागतं. साइडस्ट्रीममध्ये एक बारीक पारदर्शक लाइन हवेचा नमुना ओढून मॉनिटरकडे नेते. हिचे शत्रू दोन: पाणी आणि पीळ. वॉटर ट्रॅप अर्धा भरलेला दिसला तर तो तेव्हाच रिकामा करा किंवा बदला. लाइन बेडच्या कठड्यात चेमटलेली नाही ना, ते बोट फिरवून बघा. फिल्टर वापरत असाल तर नमुन्याची लाइन फिल्टरच्या बॅगकडच्या बाजूला जोडा, म्हणजे कफ आणि पाणी लाइनीत शिरणार नाही.

मग नवीन कनेक्टर लावून स्वतः त्यात चार श्वास सोडा. पडद्यावर तुमचीच रेघ उमटेल: सपाट तळ, झपकन चढ, जवळजवळ आडवा माथा, झपकन उतार. तुमचा आकडा ३५ ते ४५ च्या आसपास आला तर यंत्र ठीक आहे. ही रेघ एकदा डोळ्यांत बसली की बिघडलेली रेघ ओळखायला वेळ लागत नाही. कनेक्टर नंतर टाकून द्या.

आणि युनिट बघा. काही मॉनिटर किलोपास्कलमध्ये आकडा दाखवतात, काही टक्क्यांत. १ किलोपास्कल म्हणजे साडेसात एमएमएचजी. मी शिकत असताना एका रुग्णालयात दुरुस्तीहून परत आलेल्या मॉनिटरवर युनिट बदललेलं होतं आणि कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. '२.४' दिसला म्हणून सगळे हताश झाले होते. तो प्रत्यक्षात १८ होता. टक्के असतील तर आणखी एक गोष्ट. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा थोडा कमी, म्हणून इथे एक टक्का म्हणजे साधारण सात एमएमएचजी धरावेत. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन एमएमएचजी करून ठेवा आणि पुढच्या पाळीलाही सांगून जा.

नळी टाकल्यावर पहिली नजर रेघेच्या आकारावर

आकडा नंतर. आधी प्रत्येक श्वासाबरोबर रेघ उठतेय का, ते बघा.

सीपीआर नीट चालू असेल आणि नळी श्वासनलिकेत असेल, तर रेघ बुटकी का होईना, पण उठते. ती पूर्ण सपाट असेल तर नळी अन्ननलिकेत गेली आहे असंच धरा आणि लगेच तपासा. "हृदयच बंद आहे, मग रेघ कुठून येणार" हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण या वाक्यामुळे चुकीच्या जागी बसलेली नळी तशीच राहते आणि वाचू शकणारा माणूस जातो. थेट दिसेल असं लॅरिंगोस्कोपने (घशात बघायच्या उपकरणाने) बघा, शंका राहिली तर नळी काढा आणि मास्कने श्वास द्या. नळी कफाने बुजली असेल, लाइन सुटली असेल तरी रेघ सपाट येते. पण ते तपासायचं असतं, गृहीत धरायचं नसतं.

उलट बाजूने, एक-दोन श्वासांना रेघ आली म्हणून निश्चिंत होऊ नका. मास्कने श्वास देताना पोटात गेलेली हवा अन्ननलिकेतूनही क्षणभर रेघ दाखवू शकते. ती चारसहा श्वासांत विरून जाते. म्हणून सलग सहा-सात श्वास रेघ टिकली पाहिजे. नळी खोल जाऊन उजव्याच फुप्फुसात गेली तर मात्र रेघ छान दिसते, ते कॅप्नोग्राफ सांगत नाही. त्यासाठी स्टेथोस्कोप हवाच.

आकडा कमी आहे? आधी आपले हात तपासा

काकांच्या वेळी त्या मुलाला मी एवढंच म्हटलं होतं: "बॅग कोण दाबतंय ते बघ."

डोक्याशी एक नवी सिस्टर उभी होती. बॅग तिच्या दोन्ही हातांत होती आणि ती तिला जमेल तितक्या वेगाने दाबत होती. चेहरा घामाने भरलेला, ओठ घट्ट मिटलेले. मी घड्याळाकडे बघून मोजलं, मिनिटाला तीसच्या आसपास. तिचं काही चुकत होतं असं तिला वाटायचं कारणच नव्हतं. समोर माणूस श्वास घेत नाहीये, तर जास्त श्वास द्यावेत, हे कोणाच्याही मनात येईल. पण नळी टाकल्यावर दर सहा सेकंदांनी एक श्वास, मिनिटाला दहा, एवढंच हवं असतं. जास्त वेगाने दोन गोष्टी बिघडतात. फुप्फुसात आलेला थोडासा कार्बन डायऑक्साइड जास्त हवेत पातळ होतो, म्हणून आकडा खोटा कमी दिसतो. शिवाय छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि आकडा खराखुरा कमी होतो.

मी तिच्या शेजारी जाऊन हळू आवाजात मोजायला लागलो. "एक, दोन, तीन, चार, पाच, दाबा. एका हाताने. छाती उचललेली दिसली की पुरे." तिसऱ्या फेरीला ती स्वतः मोजायला लागली. त्याच वेळी छाती दाबणारा वॉर्डबॉय बदलला. तो चार मिनिटं एकटाच दाबत होता आणि त्याचे कोपर वाकायला लागले होते. मिनिटा-दीड मिनिटात आठाचे पंधरा झाले. औषध कोणतंही बदललं नव्हतं.

म्हणून आकडा दहाच्या खाली असेल तर या क्रमाने बघा. बॅगचा वेग मिनिटाला दहा. दाबाची खोली पाच ते सहा सेंटिमीटर. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं, म्हणजे दाबणाऱ्याने अंगाचा भार छातीवर टेकवून ठेवायचा नाही. दाबणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलणं, तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी. गादी मऊ असेल तर खाली फळी. आणि नाडी बघण्यासाठी, शॉकसाठी थांबताना दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाबाची खोली १० मिलिमीटरने वाढली की ईटीसीओटू सरासरी १.४ ने वाढतो आणि श्वासाचा वेग मिनिटाला दहाने वाढला की तो ३ ने घटतो, असं दिसलं. या आकड्यांकडे मी मुलांचं मुद्दाम लक्ष वेधतो. दहाच्या रेषेच्या आसपास असलेल्या माणसासाठी आपल्याच हातांमुळे पडलेला तीनचा फरक म्हणजे 'चालू ठेवा' आणि 'थांबवा' यांमधला फरक ठरू शकतो.

ध्येय काय ठेवायचं? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना किमान १० आणि शक्यतो २० किंवा त्याहून जास्त, असं सांगतात. मी कोडमध्ये २० हेच डोळ्यांसमोर ठेवतो. दहावर समाधान मानलं की टीम सैल पडते, हे पाहिलंय.

आकडा फसवतो तेव्हा

अॅड्रेनलिन दिल्यावर एकदोन मिनिटं ईटीसीओटू थोडा खाली येऊ शकतो. औषधाने शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसातलं रक्त आणि हवा यांचा मेळ बिघडतो. तेवढ्यावरून दाबणाऱ्याला दोष देऊ नका. सोडाबायकार्ब दिलं की उलट होतं. त्यातूनच कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि आकडा काही मिनिटं चढतो. तो चढ पाहून कॅज्युअल्टीत एकदा सगळ्यांचे चेहरे उजळलेले मला आठवतात, आणि नाडी लागत नव्हती. म्हणून कोणतं औषध किती वाजता गेलं, हे पांढऱ्या फळ्यावर किंवा हातमोज्यावर का होईना, लिहून ठेवा आणि त्या मिनिटांतला आकडा निर्णयासाठी वापरू नका.

हृदय थांबण्याचं कारणही आकडा बदलतं. बुडालेला, गुदमरलेला, दम्याचा तीव्र झटका आलेला माणूस असेल तर हृदय थांबण्याआधीच शरीरात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. सुरुवातीचा आकडा खूप मोठा दिसतो आणि त्याचा अर्थ रक्त छान फिरतंय असा होत नाही. काही मिनिटं गेल्यावरचा आकडा धरा. फुप्फुसाच्या मुख्य धमनीत मोठी गुठळी अडकली असेल तर दाब कितीही उत्तम असले तरी आकडा खालीच राहतो. अशा वेळी कमी आकडा हा गुठळीचा विचार करायला लावणारा संकेत आहे. पाय सुजलेला, नुकतं ऑपरेशन झालेलं, अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर हे मोठ्याने बोलून दाखवा.

श्वासनलिकेतल्या नळीऐवजी आय-जेलसारखं घशात बसवायचं उपकरण असेल आणि बाजूने हवा गळत असेल, तर आकडा खोटा कमी येतो. नुसता मास्क असेल तर त्यावरून थांबण्याचा विचार करायचाच नाही.

एकदम उसळी

आकडा काही श्वासांतच १५-२० वरून ३५-४० किंवा त्याहून वर गेला आणि तिथे टिकला, तर हृदय परत चालू झालं असण्याची दाट शक्यता आहे. बहुतेक वेळा नाडी बोटाला लागण्याआधी हे दिसतं. लगेच सगळ्यांनी हात काढून घ्यायचे नाहीत. दोन मिनिटांचं चक्र पूर्ण होत आलं असेल तर तेवढं होऊ द्या, मग रिदम (ईसीजीवरची हृदयाची लय) आणि नाडी बघा. अॅड्रेनलिनचा पुढचा डोस भरलेला असेल तर तो या क्षणी थांबवून ठेवा, कारण नुकत्याच चालू झालेल्या हृदयाला तो झेपेलच असं नाही. रुग्ण हलला, धमनीच्या लाइनीवर दाब दिसला, तर अर्थात लगेच तपासा.

उसळी आली नाही म्हणून हृदय चालू झालंच नाही, असं मात्र समजू नका. काही रुग्णांत आकडा हळूहळूच वाढतो. आणि हृदय परतल्यावर तीच रेघ पहारा देते. आकडा पुन्हा धपकन पडला तर आधी नाडी बघा, मग यंत्राकडे.

वीस मिनिटं, आणि 'दहा' चा खरा अर्थ

आता त्या मुलाच्या मनातल्या नियमाकडे येतो.

१९९७ मध्ये लेव्हिन, वेन आणि मिलर यांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेले, ईसीजीवर हालचाल असलेले पण नाडी नसलेले १५० जण. प्रगत उपचार सुरू झाल्यापासून वीस मिनिटांनी ईटीसीओटू १० किंवा कमी असलेल्यांपैकी एकही वाचला नाही. जे वाचले त्यांचा सरासरी आकडा ३३ च्या जवळ होता, जे गेले त्यांचा साडेचारच्या आत. इतकी स्वच्छ फाळणी वैद्यकात क्वचित दिसते, म्हणूनच 'दहा' हा आकडा जगभर पोचला.

पण नीट वाचा. त्या अभ्यासात 'वाचला' म्हणजे रुग्णालयात भरती होईपर्यंत हृदय चालू राहिलं, एवढाच अर्थ होता. घरी चालत गेला, असा नव्हे. २००८ मध्ये स्लोव्हेनियातल्या मारिबोरमधून ७३७ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे वीस मिनिटांनंतरची सीमारेषा निघाली १४.३. म्हणजे रेषा सगळीकडे एकाच जागी पडत नाही. आणि मला सगळ्यात मोठी वाटणारी अडचण अशी की, उपचार करणाऱ्यांना आकडा दिसत असेल तर कमी आकडा बघून ते लवकर थांबतात, रुग्ण जातो आणि 'कमी आकडा म्हणजे मृत्यू' हे आपोआप खरं ठरतं. आपणच केलेल्या कृतीने भाकीत खरं होतं.

म्हणून २०१५ च्या अमेरिकन सूचनांची भाषा जपून वापरलेली आहे. नळी टाकलेल्या रुग्णात वीस मिनिटांच्या सीपीआरनंतरही ईटीसीओटू दहाच्या वर नेता आला नाही, तर थांबण्याच्या निर्णयात तो एक घटक म्हणून धरता येईल. एकट्या त्याच्यावर निर्णय घेऊ नये. आणि नळी नसलेल्या रुग्णात त्याचा असा वापर करू नये. मूळ शब्द 'नेता आला नाही' या अर्थाचे आहेत. नेण्याचा प्रयत्न आधी झालेला असला पाहिजे.

मग बाकीचे घटक कोणते? कोसळताना कोणी पाहिलं होतं का. छाती दाबायला किती मिनिटांत सुरुवात झाली. पहिला रिदम शॉक देण्याजोगा होता का. सोनोग्राफीत हृदयाची भिंत हलतेय का. दुरुस्त करता येण्यासारखं कारण, म्हणजे पोटॅशियमचा बिघाड, गुठळी, छातीत अडकलेली हवा, रक्तस्राव, विष, यांतलं काही राहून गेलंय का. रुग्णाची आधीची प्रकृती कशी होती आणि त्याने स्वतः काही इच्छा सांगून ठेवली होती का. शरीर थंड पडलेला किंवा विषबाधेचा रुग्ण असेल तर वीस मिनिटांचं घड्याळ लागूच करू नका, बराच जास्त वेळ द्यावा लागतो. थांबण्याचा निर्णय टीमचा प्रमुख घेतो, पण त्याआधी तो सगळ्यांना विचारतो: कोणाला काही सुचतंय का? नव्या माणसाने तेव्हा बोलायचं असतं. मी अनेकदा सगळ्यात ज्युनियर सिस्टरच्या तोंडून महत्त्वाची गोष्ट ऐकलेली आहे.

आकडा सतत २० च्या वर टिकून असेल तर माझा नियम आहे, घाई नको. तरीही मोठा आकडा वचन देत नाही. चाळिशीतली एक बाई, सगळा वेळ २४-२६, दाब उत्तम, सगळी कारणं तपासलेली, पाऊण तासानंतरही परतली नाही. ते मनाला लागलं होतं, अजून लागतं.

एकाच आकड्यापेक्षा दिशा बघा. ८, १५, १९ अशी चढण आणि २२, १४, ९ अशी घसरण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हृदय परतल्यावर

इथे कार्बन डायऑक्साइडचं काम संपत नाही, उलट मेंदूसाठी ते आता सुरू होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. आनंदाच्या भरात बॅग जोरजोरात दाबत राहिलं की हा वायू जास्त बाहेर जातो आणि आधीच उपाशी राहिलेला मेंदू आणखी उपाशी राहतो. व्हेंटिलेटरवर मिनिटाला दहाच्या आसपास सुरुवात करा आणि धमनीतल्या रक्ताची एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवा. पीएसीओटू, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, ३५ ते ४५ मध्ये ठेवायचा.

एबीजी हवीच, कारण निरोगी माणसात ईटीसीओटू आणि पीएसीओटू यांत दोन ते पाचचाच फरक असतो, पण हृदय नुकतंच परतलेल्या माणसात तो बराच जास्त असू शकतो. मॉनिटरवर ३५ दिसतो आणि एबीजीत ५२ येतो, असं मी पाहिलेलं आहे. पहिल्या एबीजीवरून फरक काढून ठेवा, मग पुढचे तास ईटीसीओटूवर नजर ठेवता येते.

कार्बन डायऑक्साइड मुद्दाम थोडा जास्त ठेवला तर मेंदूला रक्त जास्त मिळेल आणि फायदा होईल, ही कल्पना बरीच वर्षं होती. २०२३ मध्ये टेम नावाच्या मोठ्या चाचणीत १७०० रुग्णांत ती तपासली. ५० ते ५५ ठेवलेल्यांत सहा महिन्यांनी मेंदू चांगल्या स्थितीत असलेले ४३.५ टक्के, नेहमीच्या ३५ ते ४५ मध्ये ठेवलेल्यांत ४४.६ टक्के. फायदा दिसला नाही. नेहमीचंच ठेवा.

आणि कोडमधला ईटीसीओटू मेंदूचं भविष्य सांगत नाही. ते ठरवायला किमान ७२ तास, शरीराचं तापमान पूर्ववत झाल्यावर, झोपेची औषधं उतरल्यावर, अनेक तपासण्या एकत्र बघाव्या लागतात. पहिल्या रात्री "आकडा चांगला होता, शुद्धीवर येतील" असं कोणी बोलू नये.

बाहेर उभ्या असलेल्यांशी

काकू दारातून आत बघत होत्या. त्यांना पडद्यावरची हलणारी रेघ दिसत होती. "अहो डॉक्टर, मशीनवर रेघ चालू आहे ना? म्हणजे श्वास चालू आहे ना त्यांचा?"

हा प्रश्न तुम्हाला हमखास येणार. रेघ आपण दिलेल्या श्वासाची आहे, हे सांगणं अवघड जातं, पण सांगावं लागतं. मी त्यांना बाकावर बसवलं, स्वतः समोर बसलो आणि म्हटलं, "काकू, सध्या त्यांचं हृदय स्वतःहून चालत नाहीये. आम्ही बाहेरून चालवतोय. त्या रेघेवरून आम्हाला कळतं की आमचे हात नीट काम करतायत. आत्ता ते नीट काम करतायत." त्यांनी मान हलवली. आकडा सांगू नका. सांगितला की बाहेरची सगळी माणसं त्या आकड्याला धरून बसतात, तो दोनने घसरला की कोसळतात. दर पाच-सात मिनिटांनी एक माणूस बाहेर जाऊन दोन वाक्यं सांगेल, अशी व्यवस्था करा. थांबण्याची वेळ आली तर "आकडा कमी आला म्हणून थांबवलं" असंही म्हणू नका. काय काय केलं, किती वेळ केलं, आणि तरी हृदय परतलं नाही, हे त्यांच्या भाषेत सांगा.

नोंद

कोड चालू असताना एक माणूस फक्त लिहिणारा हवा. दर दोन मिनिटांच्या चक्राला ईटीसीओटू, दाबणारा बदलला का, औषध कोणतं, शॉक किती वाजता. नंतर निर्णयाचा आधार हाच कागद असतो, आणि शिकण्याचाही. नव्या मुलांना मी काकांचा कागद दाखवतो, नाव झाकून:

५:५६ नळी टाकली, रेघ सात श्वास टिकली.
५:५८ ईटीसीओटू ८. बॅग ३० वरून १० वर आणली, दाबणारा बदलला.
६:०० ईटीसीओटू १५. अॅड्रेनलिन.
६:०३ ईटीसीओटू १९. दुसरा शॉक, दाब चालू.
६:०७ ईटीसीओटू ४६, टिकून. नाडी लागते. काकूंना सांगितलं.
६:२० एबीजी पाठवली.